दोन देशांचे नागरिक, एका कायद्यापुढे : प्रस्तावना

७ जुलै १९९२ रोजी लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने दोन निकाल दिले. खटल्यांचे क्रमांकही लागोपाठचे, ३६९/९० आणि ३७०/९०. पहिला स्पेनमधून आलेला, दुसरा इंग्लंडमधून. पहिल्यातला अर्जदार दंतवैद्य होता आणि अर्जेंटिना व इटली अशा दोन देशांचा नागरिक होता. दुसऱ्यातला माणूस भारताचा नागरिक, त्याची पत्नी ब्रिटिश. सरकारने दोघांनाही राहू देण्याचे नाकारले होते आणि दोघांचीही बाजू न्यायालयाने उचलून धरली. परदेशी जाऊन राहिलेल्या माणसाचे हक्क त्याच्या नागरिकत्वावर कसे आणि कुठवर अवलंबून असतात हे समजून घ्यायला या दोन निकालांइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. पुढच्या तीस वर्षांत जे वाद रंगले त्यांतले बहुतेक त्या एका दिवशीच्या कागदांत बीजरूपाने सापडतात.

आधी दंतवैद्याचे पाहू. त्याची पदवी अर्जेंटिनातली. स्पेन आणि अर्जेंटिना यांच्यात सांस्कृतिक सहकार्याचा करार असल्यामुळे स्पेनने ती मान्य केली. मग त्याने इटलीचा पासपोर्ट दाखवून युरोपीय नागरिक म्हणून रहिवासाचे कार्ड मागितले. सहा महिन्यांचे तात्पुरते कार्ड मिळाले. कांताब्रियात दवाखाना थाटण्यासाठी त्याने कायमच्या कार्डाचा अर्ज केला, तेव्हा मात्र अधिकाऱ्यांनी दिवाणी संहितेचे नववे कलम पुढे केले. दोन नागरिकत्वे असतील आणि त्यांतले एकही स्पेनचे नसेल, तर माणूस येण्याआधी जिथे राहत होता त्या देशाचे नागरिकत्व ग्राह्य धरायचे, असे ते कलम सांगत होते. हा राहत होता अर्जेंटिनात. म्हणजे स्पेनच्या लेखी तो अर्जेंटिनाचा, आणि हातातला इटलीचा पासपोर्ट जवळजवळ निरुपयोगी.

न्यायालयाने हा विचारच चुकीचा ठरवला. नागरिकत्व कोणाला द्यायचे आणि कोणाचे काढायचे हे प्रत्येक देशाने ठरवावे, पण ते ठरवताना युरोपीय कायद्याचे भान ठेवावे, असे न्यायालय म्हणाले. आणि इटलीने एकदा एखाद्याला आपला मानले की स्पेनला त्यावर आणखी अट घालता येणार नाही. ‘तू खरा कुठला?’ हा प्रश्न विचारण्याची मुभा स्पेनला नाही.

या वाक्याचे वजन कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दोन देशांचा नागरिक असलेल्या माणसाकडे आंतरराष्ट्रीय कायदा फार काळ संशयानेच पाहत आला. १९३० च्या हेग करारात तत्त्व होते की, माणूस ज्या दोन देशांचा नागरिक आहे त्यांपैकी एका देशाविरुद्ध दुसऱ्याने त्याची राजनैतिक पाठराखण करू नये. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नोटेबोम खटल्यात त्याहून पुढचे पाऊल टाकले. नोटेबोम जन्माने जर्मन, १९०५ पासून ग्वाटेमालात स्थायिक झालेला व्यापारी. १९३९ मध्ये त्याने लिख्टेनस्टाइनचे नागरिकत्व घेतले. या छोट्या देशाशी त्याचा खराखुरा संबंध नाही, म्हणून लिख्टेनस्टाइनला ग्वाटेमालाविरुद्ध त्याची बाजू मांडता येणार नाही, असा निकाल लागला. ‘खराखुरा संबंध’ ही कसोटी तिथून कायद्याच्या अभ्यासात रुजली. १९६३ मध्ये युरोप परिषदेने तर एकाहून अधिक नागरिकत्वांची प्रकरणे कमी व्हावीत म्हणून स्वतंत्र करारच केला. राज्ये एकमेकांच्या दारात उभी असताना ही कसोटी समजण्यासारखी आहे. पण जो माणूस काम करायला, लग्न करून राहायला, मुलांना शाळेत घालायला सीमा ओलांडतो, त्याला दर देशाच्या कचेरीत आपला ‘खरा’ देश सिद्ध करावा लागला तर त्याचे आयुष्य अर्जांतच जाईल. युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये हे ओळखले, ही त्या न्यायालयाची मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या खटल्यातल्या भारतीय माणसाने १९८२ मध्ये ब्रिटिश स्त्रीशी लग्न केले. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग स्वतःचा धंदा सुरू करण्यासाठी दोघे इंग्लंडला परतले. ब्रिटिश सरकारचे म्हणणे असे की, पत्नी आपल्याच देशात परतली आहे, इथे युरोपीय कायद्याचा संबंध नाही, नवऱ्याचे काय करायचे ते आमचा कायदा ठरवील. न्यायालयाने उलटे सांगितले. परतल्यावर आपल्या जोडीदाराला निदान तेवढेही संरक्षण मिळणार नसेल, जेवढे परक्या युरोपीय देशात मिळते, तर कोणी बाहेर पडेलच कशाला? म्हणून परतणाऱ्या नागरिकालाही युरोपीय कायद्याचे कवच मिळते. युरोपातल्या स्थलांतरित कुटुंबांत ही वाट आजही त्या भारतीय अर्जदाराच्या नावाने, ‘सुरिंदर सिंग मार्ग’ म्हणून ओळखली जाते.

आता या साऱ्याचा कणा सांगतो. राष्ट्रांच्या वर असलेला कायदा म्हणजे काय, तर सदस्य देशांनी करारातून निर्माण केलेला आणि त्यांच्या स्वतःच्या कायद्यावर मात करणारा कायदा. जगात त्याचे सर्वांत पुढारलेले रूप युरोपीय संघात दिसते, म्हणून हे पुस्तक युरोपाभोवती फिरते. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी सही झालेल्या आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून लागू झालेल्या मास्ट्रिख्ट कराराने ‘संघाचे नागरिकत्व’ आणले. सदस्य देशाचा नागरिक असलेला प्रत्येक जण आपोआप संघाचाही नागरिक. हे नागरिकत्व देशाच्या नागरिकत्वाच्या जोडीला असते, त्याची जागा घेत नाही. त्यातून मिळणाऱ्या हक्कांचा तपशील २००४ च्या ३८ क्रमांकाच्या निर्देशात आहे. तीन महिन्यांपर्यंत कुठेही राहा, पुढे नोकरी, धंदा, शिक्षण किंवा स्वतःचे पुरेसे उत्पन्न या आधारावर राहा, सलग पाच वर्षे कायदेशीरपणे राहिलात की कायमच्या रहिवासाचा हक्क. आणि यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, जोडीदार कुठल्याही देशाचा असला, भारताचा, अल्जीरियाचा, जमैकाचा, तरी त्याला बरोबर राहण्याचा हक्क असतो.

पण निर्देशाच्या तिसऱ्या कलमात एक छोटी अट आहे आणि सगळा गुंता तिच्यात आहे. हे हक्क त्याला मिळतात जो ‘आपल्या नागरिकत्वाच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात’ जातो किंवा राहतो. सीमा ओलांडली की हक्क जागे होतात. घरी बसलेल्या माणसाला त्याच्या देशाचा कायदा, बरा-वाईट जो असेल तो. एकच नागरिकत्व असलेल्या माणसाच्या बाबतीत हे सरळ आहे. दोन असली तर ‘आपला देश’ कोणता? पोर्तुगाल आणि आयर्लंड अशा दोन्ही देशांचा नागरिक डब्लिनमध्ये राहत असेल तर तो घरी आहे की परदेशी?

मॅकार्थी खटल्यात २०११ साली हा प्रश्न आला. अर्जदार स्त्री ब्रिटिश होती, आयरिशही होती, पण आयुष्यभर इंग्लंडातच राहिलेली. जमैकाच्या पुरुषाशी लग्न झाल्यावर तिने पहिल्यांदा आयरिश पासपोर्ट काढला आणि त्याच्या आधारे नवऱ्याला युरोपीय कायद्याखाली राहू द्यावे अशी मागणी केली. न्यायालयाने नकार दिला. ती कधी हललीच नाही, म्हणून निर्देश तिला लागू नाही, आणि दुसरे नागरिकत्व असणे एवढेच पुरेसे नाही. निकालाच्या तर्काला पाया आहे हे मान्य करावे लागते. नुसता अर्ज भरून आणलेला पासपोर्ट म्हणजे स्थलांतर नव्हे.

अडचण त्यानंतर झाली. ब्रिटिश सरकारने हा निकाल वाचून २०१२ मध्ये आपले नियम बदलले आणि ब्रिटिश नागरिक असलेल्या कोणालाही युरोपीय नागरिकांच्या व्याख्येतून वगळले, मग त्याचे दुसरे नागरिकत्व कितीही जुने असो आणि तो कुठूनही आलेला असो. कधीच न हललेली इंग्लंडची स्त्री आणि माद्रिदहून येऊन वीस वर्षे राबलेली स्त्री, दोघी एकाच ओळीत उभ्या राहिल्या.

त्या ओळीत उभ्या राहिलेल्या एका स्त्रीची गोष्ट म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा लूनेस खटला, आणि या पुस्तकाचा गाभा माझ्या मते तोच आहे. ती स्पेनची. १९९६ मध्ये विद्यार्थिनी म्हणून ब्रिटनला आली. २००४ पासून नोकरी करत होती. २००९ मध्ये तिने ब्रिटिश नागरिकत्व घेतले, स्पेनचे सोडले नाही. २०१४ मध्ये तिचे अल्जीरियाच्या नागरिकाशी लग्न झाले. तो २०१० मध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेला आणि मुदत संपल्यावर राहून गेलेला. त्याने युरोपीय नागरिकाच्या पतीचे रहिवास कार्ड मागितले तेव्हा गृहखात्याने सांगितले की तुझी पत्नी ब्रिटिश झाली आहे, आता तिला युरोपीय हक्क नाहीत, म्हणून तुलाही नाहीत.

२००९ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेण्याच्या आदल्या दिवशी तिचे काय होते ते पाहा. ती स्पेनची नागरिक होती, लंडनमध्ये कायमच्या रहिवासाला पात्र होती. तेव्हा लग्न केले असते तर नवऱ्याला राहता आले असते. दुसऱ्या दिवशी तिने शपथ घेतली, ज्या देशात आयुष्य उभारले त्याचे नागरिकत्व स्वीकारले, मतदानाचा हक्क मिळवला, आणि त्याच घटकेला नवऱ्याबरोबर राहण्याचा तिचा हक्क गळून पडला. समाजात मिसळा, भाषा शिका, इथलेच व्हा, असे जे सरकार स्थलांतरितांना सतत सांगत असते, त्याच सरकारच्या नियमाने मिसळून गेल्याची ही किंमत लावली होती.

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायालयाच्या महापीठाने निकाल दिला. न्यायाधीशांनी निर्देशाचे शब्द वाकवले नाहीत. ब्रिटिश झाल्यानंतर ती आपल्याच देशात राहते आहे, त्यामुळे निर्देश तिला लागू नाही, हे त्यांनी मान्य केले. पण संघाच्या मूळ करारातले एकविसावे कलम, मुक्तपणे जाण्या-राहण्याचा मूळ हक्क देणारे, अजून लागू आहे असे म्हटले. हा हक्क माणसाला यजमान देशाच्या समाजात हळूहळू रुजू देण्यासाठी आहे. रुजण्याचा शेवटचा टप्पा म्हणजे नागरिकत्व घेणे. तो टप्पा गाठला म्हणून आधीचे हक्क काढून घ्यायचे हे त्या हक्काच्या हेतूलाच छेद देणारे आहे. म्हणून नवऱ्याला राहण्याचा हक्क आहे, आणि त्याच्या अटी निर्देशातल्या अटींहून कडक असता कामा नयेत.

हा निकाल मी वारंवार वाचला आहे आणि दर वेळी त्यातला एक बदल लक्षात येतो. दंतवैद्याच्या वेळी न्यायालयाने ‘कोणते नागरिकत्व खरे’ हा प्रश्न विचारू नका एवढे सांगितले होते. लूनेसमध्ये त्या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न आला. या माणसाने सीमा ओलांडून, कायद्याच्या भरवशावर, इथे कोणते आयुष्य उभारले? दोन नागरिकत्वांच्या माणसाला न्याय द्यायचा असेल तर विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे असे माझे ठाम मत आहे, आणि या पुस्तकातले इतर सगळे निकाल मी त्याच कसोटीवर तपासले आहेत.

त्या कसोटीवर न्यायालयाच्या स्वतःच्या निकालांतही फटी दिसतात. २००३ चा गार्सिया अवेलो निकाल घ्या. वडील स्पेनचे, आई बेल्जियमची, मुले बेल्जियममध्ये जन्मलेली, दोन्ही देशांची नागरिक. बेल्जियमने वडिलांचे पूर्ण आडनाव मुलांना लावून नोंद केली. स्पेनच्या रिवाजाप्रमाणे मुलांच्या आडनावात वडिलांचे पहिले आणि आईचे पहिले आडनाव यायला हवे होते. तसा बदल द्यायला बेल्जियमने नकार दिला. ही मुले बेल्जियमबाहेर राहायला गेलेली नव्हती. तरीही न्यायालयाने युरोपीय कायदा लागू केला, कारण दोन देशांत दोन आडनावे असली की पदव्या, दाखले, ओळखपत्रे यांत आयुष्यभर अडथळे येतील. मॅकार्थीतली स्त्रीही हललेली नव्हती. तिच्या नवऱ्याला देशाबाहेर घालवणे हा आडनावाच्या घोळापेक्षा लहान अडथळा कसा? न्यायालयाने या दोन निकालांतला फरक समजावण्याचा प्रयत्न केला आहे, पण मला तो पटलेला नाही.

मॅकार्थीचा परिणाम सर्वांत जास्त झोंबला तो उत्तर आयर्लंडला. १९९८ च्या बेलफास्ट करारात तिथल्या माणसाला स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही मानण्याचा जन्मसिद्ध हक्क दिलेला आहे. पण ब्रिटिश कायद्याने तिथे जन्मलेले मूल बहुधा जन्मतःच ब्रिटिश. स्वतःला फक्त आयरिश मानणाऱ्या एका स्त्रीने अमेरिकन नवऱ्यासाठी युरोपीय हक्क मागितला, तेव्हा २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने तिला सांगितले की तू कायद्याने ब्रिटिश आहेस, त्यामुळे आधी ते नागरिकत्व सोडावे लागेल. शांतता करारात लिहिलेली ओळख कायद्याच्या तक्त्यात बसत नव्हती. पुढच्या वर्षी सरकारने नियम बदलून तिथल्या लोकांच्या कुटुंबीयांना वाट करून दिली.

युरोपाबाहेरच्या नागरिकांचे हक्क करारांतूनही येतात, आणि तिथे दुसरे नागरिकत्व कधी अडते तर कधी उपयोगी पडते. १९९९ च्या मेस्बाह निकालात मोरोक्कोच्या एका स्त्रीला बेल्जियममध्ये अपंगत्वाचा भत्ता हवा होता. तिचा जावई मोरोक्कोचा कामगार होता आणि पुढे बेल्जियमचाही नागरिक झाला होता. त्याने ते नागरिकत्व सासू येऊन राहण्याआधीच घेतले असेल, तर मोरोक्कोशी झालेल्या कराराचा आधार तिला घेता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तुर्कस्तानच्या कामगारांबाबत मात्र २०१२ मध्ये नेमके उलट झाले. तुर्कस्तानशी १९६३ साली झालेल्या अंकारा करारातून कामगारांच्या कुटुंबीयांना ठरावीक हक्क मिळतात. नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या तुर्की कामगारांनी डच नागरिकत्वही घेतले, तुर्की ठेवले, आणि सरकारने म्हटले, आता करार तुमच्या कुटुंबाला लागू नाही. न्यायालयाने ते ऐकले नाही. लूनेसचा विचार इथे पाच वर्षे आधीच, वेगळ्या शब्दांत, येऊन गेला होता.

नागरिकत्व हिरावले जाते तेव्हा काय? हा प्रश्न फार वर्षे फक्त देशांचा मानला गेला. २०१० च्या रोटमान निकालाने दार उघडले. ऑस्ट्रियात जन्मलेल्या माणसाने तिथली फौजदारी चौकशी लपवून जर्मन नागरिकत्व मिळवले, ते घेताच ऑस्ट्रियाचे गेले, आणि नंतर जर्मनीने फसवणुकीवरून आपलेही काढून घेतले. माणूस कोणाचाच राहिला नाही, आणि संघाचे नागरिकत्वही त्याबरोबर गेले. न्यायालयाने जर्मनीला मनाई केली नाही, पण परिणाम तोलून पाहायला हवेत असे बजावले. २०१९ च्या त्येब्बेस निकालाने त्यात नेमकेपणा आणला. नेदरलँड्सच्या तेव्हाच्या कायद्याने दुसरे नागरिकत्व असलेला डच माणूस संघाबाहेर सलग दहा वर्षे राहिला की त्याचे डच नागरिकत्व आपोआप जात असे. पासपोर्टाचे नूतनीकरण करायला गेल्यावर त्याला ते कळायचे. न्यायालय म्हणाले, असा नियम असू शकतो, पण प्रत्येकाचे प्रकरण तपासायला हवे आणि परिणाम अन्यायकारक असेल तर गेलेले नागरिकत्व मूळ तारखेपासून परत देता यायला हवे. २०२२ पासून ती मुदत तेरा वर्षे झाली.

जर्मनीतल्या तुर्की कुटुंबांनी याचा काच सर्वांत जास्त सोसला असेल. कित्येकांनी जर्मन होण्यासाठी तुर्की नागरिकत्व सोडले आणि नंतर, आईवडिलांचे घर, वारसा, नाते यांच्या ओढीने, ते पुन्हा घेतले. २००० सालापासून लागू झालेल्या नियमाने परवानगीवाचून असे करणाऱ्याचे जर्मन नागरिकत्व आपोआप संपत होते. २५ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने इथेही वैयक्तिक तपासणीची अट घातली. त्यानंतर दोन महिन्यांनी, २७ जून २०२४ पासून, जर्मनीने दुहेरी नागरिकत्व सर्वांनाच खुले केले. ज्यांचे आधी गेले त्यांच्यासाठी मात्र उशीर झाला.

माल्टाच्या निकालाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तो माझ्या मांडणीला अवघड आहे. माल्टा सहा लाख युरो आणि तीन वर्षांचा रहिवास, किंवा साडेसात लाख आणि एक वर्ष, अशा बोलीवर नागरिकत्व देत होता. २९ एप्रिल २०२५ रोजी महापीठाने ही योजना बेकायदा ठरवली, कारण नागरिकत्व हे देश आणि माणूस यांच्यातल्या विश्वासाच्या, एकमेकांना धरून राहण्याच्या नात्यावर उभे असते, ते विकता येत नाही. काही अभ्यासकांना यात नोटेबोमच्या ‘खऱ्याखुऱ्या संबंधाची’ सावली दिसते. भीती खरी आहे. मी तरी हा निकाल नागरिकत्व देणाऱ्या देशाच्या वागणुकीवरचा मानतो. त्याचा उपयोग करून उद्या एखाद्या देशाने दुसऱ्या देशाच्या नागरिकाला पुन्हा ‘तू खरा कुठला’ असे विचारले, तर तो दंतवैद्याच्या निकालाचा भंग ठरेल.

आता गोवा. मराठी वाचकांपैकी अनेकांना हा विषय पुस्तकी वाटत नाही तो गोव्यामुळे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोमंतकीयाला पोर्तुगालचा कायदा आपल्यातला मानतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद झाली की नागरिकत्व मिळते, आणि पुढे ते मुलांपर्यंत व नातवंडांपर्यंत जाते. त्याच माणसाला भारताने १९६२ च्या आदेशाने भारतीय नागरिक मानले. दोन देशांनी, वेगवेगळ्या कारणांनी, एकाच माणसावर हक्क सांगितला, आणि १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर त्या जुन्या जन्मनोंदीला अचानक सगळ्या युरोपात मोल आले. साष्टी, बार्देशमधल्या घराघरांतून जुने बाप्तिस्म्याचे दाखले, नावांची निरनिराळी स्पेलिंगे, आजोबांची लग्नाची नोंद बाहेर निघू लागली. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोमंतकीयांची मोठी वस्ती त्यातूनच उभी राहिली.

दंतवैद्याचा निकाल गोमंतकीयाच्या थेट कामाचा आहे. आयर्लंड किंवा जर्मनी त्याला विचारू शकत नाही की तुझे बालपण मडगावात गेले, पोर्तुगालशी तुझा संबंध काय? पोर्तुगालने त्याला आपला मानले, तिथे विषय संपला. निर्देशाचे तिसरे कलमही इथे विचित्र परिणाम घडवते. पत्नीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि नवऱ्याकडे भारतीय असेल, तर हे जोडपे डब्लिनला गेल्यास नवऱ्याचा राहण्याचा हक्क युरोपीय कायद्यातून येतो. व्हिसाचे शुल्क नाही, अर्जाचा निकालही लवकर लावावा लागतो. तेच जोडपे थेट लिस्बनला गेले तर पत्नी आपल्याच देशात आहे, म्हणून नवऱ्याचे भवितव्य पोर्तुगालच्या देशी कायद्यावर अवलंबून राहते. वर्षानुवर्षे ब्रिटनमध्ये राहिलेल्या आणि ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या पोर्तुगीज गोमंतकीयांना लूनेसचा आधार मिळाला. ब्रिटनच्या युरोपीय संघातून माघारीच्या करारानंतरही, ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे नाते असलेल्या त्यांच्या जोडीदारांसाठी ब्रिटिश नियमांत ती वाट ठेवलेली आहे.

भारताच्या बाजूने चित्र फार कठोर आहे. आपल्या घटनेचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि परदेशी पासपोर्ट मिळवणे हा नियमांनुसार निर्णायक पुरावा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हा नियम वैध ठरवला. भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येणे-जाणे, राहणे सोपे होते, पण ते नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. लिस्बनला फक्त जन्म नोंदवला, पासपोर्ट काढला नाही, त्याचे काय, हा वाद गोव्यात वर्षानुवर्षे धुमसतो आहे. ज्याने मागितले नाही, ज्याच्यावर पोर्तुगालने जुन्या इतिहासातून हक्क सांगितला, त्याने ते नागरिकत्व ‘स्वेच्छेने घेतले’ असे कसे म्हणायचे? निदान प्रत्येक प्रकरण तपासून, माणसाला ऐकून निर्णय व्हावा. नेदरलँड्सला युरोपीय न्यायालयाने जी तपासणी सक्तीची केली, ती गोव्यातल्या माणसालाही मिळायला हवी.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने नाही. पहिल्या भागात मूळ कलमे आणि त्यांचा अर्थ आहे. कायद्याची सवय नसलेल्याने तो सावकाश वाचावा. दुसऱ्या भागात वरचे निकाल एकेक करून, तथ्यांसकट, सविस्तर येतात. मानवी हक्कांच्या स्ट्रासबर्गमधल्या न्यायालयाचा भाग मी जाणून तोकडा ठेवला आहे, कारण तिथे हक्क मानवी हक्क करारातल्या कौटुंबिक जीवनाच्या आठव्या कलमातून येतो आणि नागरिकत्वाची संख्या तिथे दुय्यम ठरते. गोव्याचे प्रकरण शेवटी आहे, पण ज्यांच्या घरात लिस्बनची नोंदणी अर्ध्यावर आहे किंवा पासपोर्टाचा अर्ज भरून ठेवला आहे, त्यांनी आधी ते वाचावे आणि मगच अर्जावर सही करावी.